गेटबाहेरची पंगत

भंडारा
१५ जुलै १९७९

घनश्यामदादा,

वर 'तीर्थरूप' लिहिलं नाही, 'साष्टांग नमस्कार' पण नाही. विसरली नाही, मुद्दामच. तू बाबूजींना लिहिलं होतं की भामा कॉलेजात गेली तर तिनं मला दादा म्हणू नये. म्हणून 'दादा' तेवढं मोठ्या अक्षरात लिहिलं आहे. भिलाईत बसून तू ते कसं खोडतो ते बघते.

मी आली आहे. आत्याबाईकडेच राहते, तू राहायचा त्याच खोलीत, मुरमुऱ्याच्या भट्टीमागे. सकाळी भट्टी पेटली की भिंत गरम होते आणि पाठ शेकत अभ्यास होतो. बी. ए. भाग एक. मराठी, इतिहास, अर्थशास्त्र. आपल्या बपेऱ्याची पहिली मुलगी कॉलेजात गेली, हे बाबूजी येणाऱ्या-जाणाऱ्याला थांबवून सांगतात म्हणे. तू कोणाला सांगितलं नसणार.

तू म्हणशील, बघू किती दिवस टिकते. तर ऐक. मी मजेत आहे. वर्ग मोठे आहेत, इतिहासाचे सर छान शिकवतात, लायब्ररीत बसायला देतात.

लाखनीची, पवनीची, तुमसरची एस. टी. आली आणि तिच्यातली मुलं चालत गेटाशी पोचली की पायऱ्यांवर बसलेली शहरातली मुलं ओरडतात, "पोते उतरले रे, पोते!" म्हणजे धानाची पोती. मी तर एस. टी.नं येत नाही, आत्याबाईच्या घरून पायी येते, तरी पोतंच. तोंड उघडलं की कळते. वर्गात मी बाकावर बसली की बाजूची मुलगी वही उचलून सरकते. वाईट बोलत नाही, भांडत नाही, नुसती सरकते. भांडली असती तर बरं झालं असतं. भांडता मला येते, तुला माहीत आहे.

लेडीज रूममध्ये डबा खायला गेली होती. सगळ्या एकदम गप्प झाल्या. म्हणून जिन्याखाली खाते. तिथं हवा छान येते.

हे बाबूजींना कळवायचं नाही.

परत येणार नाही. हे वाटल्यास कळव.

भामा


भंडारा
१९ ऑगस्ट १९७९

दादा,

उत्तर आलं नाही. मी वाटही पाहिली नव्हती. (पाहिली होती.)

कॉलेजात नवीन विद्यार्थ्यांचं स्वागत झालं. हॉल भरलेला, पुढच्या खुर्च्यांवर प्राध्यापक, स्टेजवर माईक, आणि माईकपाशी शेवटच्या वर्षाचा एक मुलगा, पांढरी पँट, हातात गुलाबाची फुलं. एकेका नव्या मुलाला वर बोलवायचं, नाव-गाव विचारायचं, फूल द्यायचं. शहरातले चार-पाच जण गेले, टाळ्या झाल्या. मग जागेश्वर गेला. माझ्या वर्गातला, पवनीकडच्या खेड्यातला, शेवटच्या बाकावर भिंतीला चिकटून बसतो. अंगात नवा सदरा होता, घड्याही मोडल्या नव्हत्या.

"माह्यं नाव जागेश्वर. मले इतिहास आवडते."

बस, एवढंच बोलला. मागून कोणी तरी म्हणालं, "मले!" मग दुसरा, "मले, मले!" बकरीसारखं. माईकवाला हसून म्हणाला, "काय आवडते तुले? पुन्हा सांग, ऐकू नाही आलं." जागेश्वरला खरंच वाटलं की ऐकू आलं नसेल. त्यानं पुन्हा सांगितलं. आणखी सांगायला लावलं. आणखी सांगितलं. पुढच्या खुर्च्यांवर काही सर रुमालात हसत होते, माझ्या डोळ्यांनी पाहिलं. शेवटी फूल न घेता तो उतरला आणि हॉलच्या बाहेर निघून गेला.

पुढचं नाव माझं.

वर गेली. मी म्हटलं, "मी सत्यभामा. बपेऱ्याची. मी बी मलेच म्हनते. कोनाले हसाचं असन त आत्ताच हसून घ्या, मी थांबते."

हसले. शिट्ट्या झाल्या. मी थांबली. हात पाठीमागे धरून ठेवले. कोणी किती वेळ हसणार? गोंगाट बसला तेव्हा मी माईकवाल्याकडे वळली.

"तुमचं नाव काय?"

तो गडबडला. "मी कार्यक्रमाचा सेक्रेटरी."

"ते नाई विचारलं. नाव काय, गाव कोनतं? आमाले बी ओळख होऊ द्या न."

त्यानं नाव सांगितलं नाही, माझ्या हातात फूल कोंबलं. मी ते जागेश्वरच्या रिकाम्या खुर्चीवर ठेवलं आणि जाऊन बसली.

दुसऱ्या दिवशी प्राचार्यांनी बोलावलं. म्हणाले, "व्यासपीठावर शुद्ध बोलावं. कॉलेजची शोभा असते." मी विचारलं, "सर, ते बकरीसारखे ओरडत होते ते शुद्ध होतं का?" ते म्हणाले, "जा."

आता तुला वाटेल, भामा जिंकली. दादा, त्यानंतर तर कोणीच बोलेना. शहरातल्या मुली तर नाहीच, आपल्यासारख्या खेड्यातल्याही माझ्यापासून लांब चालायच्या, माझ्यासोबत दिसलं तर आपल्यालाही पकडतील म्हणून. जागेश्वर यायचा बंद झाला. गेल्या आठवड्यात एका सकाळी मी आत्याबाईला म्हटलं, "पोट दुखून राहिलं, आज नाई जात."

आत्याबाईनं चाळणी खाली ठेवली. म्हणाली, "घनश्यामचं बी असंच पोट दुखे."

मी म्हटलं, "दादाचे त डोळे बिघडले होते न, म्हनून कॉलेज सुटलं?"

"ते घरी सांगाले. सकाळी डबा घेऊन निंगे, संध्याकाळी येई. कसं चाल्लं रे, म्हनलं त 'मस्त' म्हने. एक दिवस मी वैनगंगेवर गोधड्या धुवाले गेली त हा घाटावर बसून. डबा बाजूले तसाच. तेव्हा कबूल झाला, कितीक दिवसापासून कॉलेजात गेलाच नव्हता."

"कोनी मारलं होतं त्याले?"

"नाई."

"कोनी काई बोललं?"

"तेच त, लेकी. कोनीच काई बोललं नाई. मले म्हने, आत्याबाई, तिथं मी कोनाले दिसतच नाई."

दादा, तुझ्या डोळ्यांसाठी माय रोज देवापुढे दिवा लावायची. तू आंधळा होशील म्हणून मी लहानपणी डोळे मिटून घरभर चालून पाहायची, तुला हात कसा धरून न्यायचा ते शिकायला. आणि तुझे डोळे चांगलेच होते.

आत्याबाईवर रागावू नको. इतकी वर्षं तिनं शब्द काढला नाही. माझंही पोट दुखायला लागलं तेव्हाच काढला.

तुझा मला राग आला आहे. तू मला सांगायचं होतं, 'भामा, तिथं असं असं होते, सांभाळून जा.' तू सांगितलं, 'जाऊ नको.' तू एकटा बसला म्हणून मीही घरी बसायचं, हा कोणता न्याय?

त्या दिवशी मी डबा घेतला आणि कॉलेजात गेली. घाटाच्या रस्त्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

भामा


भंडारा
१६ सप्टेंबर १९७९

दादा,

तुझं उत्तर नाही. ठीक. मी सांगायची थांबणार नाही.

मी जागेश्वरला आणायला गेली होती. एकटी कशी जाणार म्हणून आत्याबाईला घेऊन गेली. ती पहिले नाही म्हणाली, मग म्हणाली पवनीत तिला एक नातेवाईक पाहायचाच होता. असा कोणी नातेवाईक नाही, मला माहीत आहे. पवनीला उतरून पुढे बैलबंडी मिळाली. जागेश्वर धानाच्या बांधीत होता, चिखलात गुडघाभर, निंदण काढत. आम्हाला पाहून तो वाकलेलाच राहिला. त्याची आई शकुनबाई शेताच्या धुऱ्यावरून ओरडली, "अरे, पाहुने आले, वर त निंग!"

तो धुऱ्यावर येऊन उभा राहिला. मी म्हटलं, "कॉलेजात चाल."

"मले नाई यायचं."

"काहून?"

"तुमाले माहीत हाय काहून."

"मंग मी बी तिथंच हाओ न. मले बी तेच लोक हसले."

"तुमी बोलता. मले नाई येत बोलता."

"नोको बोलू. नुसता बस."

शकुनबाई म्हणाली, "बाई, हा तापानं पडला म्हनून आला असं सांगितलं मले यानं." जागेश्वरनं मान खाली घातली. दादा, पोट, डोळे, ताप. आपल्याकडची किती पोरं अशी बिमार पडून घरी परतली असतील!

मग जागेश्वरनं विचारलं, "तिकडं तुमच्यासंगं कोनी बोलते का?"

मला खोटं बोलायचं होतं. बोलली नाही. "नाई. मी जिन्याखाली जेवते."

"एकटी?"

"हाव."

तो पुन्हा बांधीत उतरला. आत्याबाई परतीच्या बंडीत म्हणाली, "गेले भाड्याचे पैसे पान्यात."

त्याच आठवड्यात दुपारी मी जिन्याखाली डबा उघडला आणि समोर पाय दिसले. जागेश्वर. हातात कापडात बांधलेली भाकर. म्हणाला, "इथं त लय कोंदट होते. तिकडं सायकल स्टँडमागं कडूनिंब हाय."

तर आता आम्ही कडूनिंबाखाली जेवतो. आधी आम्ही दोघं. मग मी जी मुलगी एकटी दिसेल तिला जाऊन विचारायची, "नाव काय? गाव कोनतं? जेवली का?" आणि जागेश्वर मुलांना. त्याला बोलता येत नाही म्हणाला होता ना? हे तीन प्रश्न त्याला छान येतात. लाखनीकडची मुलं आली. तुमसरच्या दोघी आल्या. कोणाच्या डब्यात लाखोळीची डाळ, कोणाची अंबाडीची भाजी, आत्याबाई रोज मुरमुऱ्याची पुडी देते. सगळं मध्ये ठेवायचं. जेवता जेवता ज्याला जे समजलं नाही ते विचारायचं. अर्थशास्त्र कोणालाच समजत नाही, हे मला तिथंच कळलं. मला वाटत होतं, फक्त मलाच समजत नाही.

पायऱ्यांवरचे आम्हाला 'पोत्यांची पंगत' म्हणतात. आम्हीही पंगतच म्हणतो. शब्द चांगला आहे, त्यांचा कशाला राहू द्यायचा?

तुझ्या वेळी त्या झाडाखाली कोणी नव्हतं. झाड तर असेल. मी रोज हा विचार करते आणि मला राग येतो, आणि भूकही फार लागते.

भामा


भंडारा
२० जानेवारी १९८०

दादा,

मी तुला जे लिहिलं ते तू बाबूजींना कळवलं.

सदऱ्याच्या खिशातलं तुझं कार्ड बाबूजींनी मला दाखवलं. 'भामा पोरांसोबत उघड्यावर बसून जेवते. गावात कळलं तर तोंड दाखवता येणार नाही. तिला घेऊन या.' तुला माझ्या एकाही पत्राचं उत्तर द्यायला वेळ नव्हता, आणि यासाठी होता.

झालं ते क्रमानं सांगते. डिसेंबरात प्राचार्यांनी नोटीस लावली की मुला-मुलींनी आवारात एकत्र बसून जेवू नये, शिस्तभंग समजला जाईल. मी भेटायला गेली. "सर, आम्ही काय वाईट करतो?" ते म्हणाले, "उद्या काही बोभाटा झाला तर जबाबदार कोण? आवाराचा प्रश्न आहे." मी म्हटलं, "आवाराच्या बाहेर बसलो तर?" ते चष्मा पुसत म्हणाले, "बाहेरचं मी कसं सांगणार?"

मग आम्ही बाहेर बसलो. गेटाला लागून, रस्त्याच्या काठावर. समोरून रायपूरकडचे ट्रक जातात, धूळ उडते, डब्यांवर झाकण धरून घास घ्यावा लागतो. पहिल्या दिवशी निम्मे आलेच नाहीत. पायऱ्यांवरची मुलं गेटात येऊन टाळ्या पिटत होती. जागेश्वर त्यांच्याकडे तोंड करून बसला आणि अगदी हळूहळू जेवला. स्वागताच्या दिवशी पळालेला हाच मुलगा. मी त्याच्याकडे पाहून जेवली.

आठवडाभरात सगळे परत आले. आणि एक जास्त आली, मंगला. ही शहरातली, हिच्या घरचं भांड्यांचं दुकान आहे. माझ्या बाजूला बसून वही उचलून सरकायची ती हीच. डबा घेऊन उभी राहिली आणि मला म्हणाली, "मी बसू का?" माझ्या तोंडावर आलं होतं, आता कशाला? पण मी तिला तेच विचारलं जे सगळ्यांना विचारते: "जेवली का?" ती रडायला लागली. दादा, लेडीज रूममधल्या त्या घोळक्यात तिलाही कोणी आपल्यात धरत नव्हतं. ती माझ्यापासून सरकायची, कारण तिलाही भीती होती. मला हे कधी सुचलंच नव्हतं.

आणि अशा दिवसांत बाबूजी आले. न सांगता. रस्त्यापलीकडे ट्रकच्या धुळीत उभे, हातात छत्री, तुझं कार्ड खिशात. मी पळत गेली.

"चाल," म्हणाले. "सामान बांध."

"बाबूजी, जेवून त जाऊ."

"मी जेवाले नाई आलो."

"मले भूक लागली हाय. मी जेवल्याबिगर कोठीच नाई जात." आणि मी रस्ता ओलांडून माझ्या जागेवर येऊन बसली. पाठीमागे बघितलं नाही. जन्मात पहिल्यांदा बाबूजींना पाठ दाखवली.

ते आले. कसे, माहीत नाही. कडेला उकिडवे बसले. जागेश्वरनं काही न विचारता त्यांच्यापुढे पान ठेवलं, भात वाढला. बाबूजींनी त्याला विचारलं, "तू कोनाचा?" त्यानं गाव सांगितलं. बाबूजी म्हणाले, "तिकडच्या बाजारातून मी बैल आनला होता. लय वर्षं चालला." मग दुसऱ्याला, तिसऱ्याला. त्यांना सगळ्यांच्या गावचं काही ना काही माहीत. कोणाचा तलाव, कोणाची जत्रा, कोणाचा मामा. मंगलाला म्हणाले, "तू इथलीच ना? घर त जवळच हाय. मंग धुळीत काहून बसते?"

मंगला म्हणाली, "काका, घरी जेवण आहे. इथं मला वाट पाहणारे आहेत."

बाबूजींनी पान पुसून खाल्लं. हात धुतले. म्हणाले, "माय म्हने, अंबाडी लय झाली हाय औंदा. पाठवतो." आणि संध्याकाळच्या गाडीनं एकटेच परत गेले.

गाडीची वाट पाहताना त्यांनी मला विचारलं होतं, "घनश्याम बी याच कॉलेजात होता. त्याच्या वेळेस होती का अशी पंगत?"

मी म्हटलं, "नाई."

एवढंच. घाटाचं सांगितलं नाही. डोळ्यांचंही नाही. तू माझं सांगितलं, मी तुझं सांगितलं नाही. हे नीट लक्षात ठेव, कारण मी विसरणार नाही.

भामा


भंडारा
३ ऑगस्ट १९८०

दादा,

भाग एक पास झाली. दुसरा वर्ग. जागेश्वर इतिहासात माझ्या वर.

पंगत आत आली. आमच्या कर्तृत्वानं नाही, ट्रकवाल्यांच्या. बाहेर आम्ही इतके बसायला लागलो की हॉर्नवर हॉर्न. शेवटी ट्रॅफिकचा पोलीस प्राचार्यांकडे गेला. त्यांनी मला बोलावून म्हटलं, "आत बसा. पण मुली एका बाजूला, मुलं एका बाजूला." मी म्हटलं, "सर, आम्ही गोल बसतो. गोलाला बाजू कुठून आणू?" ते मग म्हणाले, "तू वकील हो." ही परवानगीच समजली.

यंदा कॉलेज उघडलं त्या दिवसापासून आम्ही सकाळी एस. टी. स्टँडवर उभे होतो. लाखनीच्या गाडीला कोणी, पवनीच्या गाडीला जागेश्वर, तुमसरच्या गाडीला मी. नवी मुलं लगेच ओळखू येतात. उतरल्या उतरल्या ती पहिले आपले कपडे झटकतात. जाऊन विचारायचं, नाव काय, गाव कोणतं, जेवून निघाला का. मग त्यांच्यासोबत चालत गेटापर्यंत. पायऱ्यांवरून "पोते" ओरडलं कोणी तरी, पण नव्या-जुन्यांचा तो घोळका एवढा मोठा होता की ओरडणाऱ्याचाच आवाज चिरकला.

स्वागताचा कार्यक्रम यंदाही झाला. आम्ही आधीच जाऊन सांगितलं, आमच्यातला एक जण माईकवर राहील, नाही तर एकही नवा मुलगा हॉलमध्ये येणार नाही. बरीच वादावादी झाली. एकानं जागेश्वरची कॉलर धरली. जागेश्वर म्हणाला, "धरून ठेव. पन मी जात नाई." शेवटी माईकवर तोच होता. प्रत्येकाला म्हणायचा, "नाव सांग, गाव सांग, अन् तुले काय येते ते सांग." एका मुलीला मासे धरता येतात. एक मुलगा नाटकात राणी होतो. शहरातल्या एका डॉक्टरांच्या मुलानं सांगितलं, त्याला काहीच येत नाही, आणि हॉलमध्ये सगळ्यात मोठी टाळी त्याला पडली. मागून एकदा 'मले' झालं. दुसऱ्यांदा झालं नाही.

आता ऐक. राखी जवळ आली आहे. दरवर्षी पाकिटातून पाठवते, यंदा पाठवणार नाही. हवी असेल तर येऊन बांधून घे. बपेऱ्याला नको. इथं ये, भंडाऱ्याला. आत्याबाईच्या घरी, भट्टीमागच्या खोलीत.

नाही आला तर हात रिकामा ठेव. मला चालेल.

भामा


भंडारा
३१ ऑगस्ट १९८०

दादा,

तू गेल्यावर जे झालं ते तुला माहीत नाही, म्हणून लिहिते.

तू आला, राखी बांधून घेतली, आत्याबाईच्या पाया पडला, आणि माझ्याशी जेमतेम चार शब्द बोलला. मी पण जास्त बोलली नाही. बाबूजींना लिहिलेलं ते कार्ड माझ्या डोक्यात अजून आहे, आणि तू त्याबद्दल काहीच म्हणाला नाही. दुसऱ्या दिवशी मी कॉलेजला निघाली तर तू चपला घातल्या. म्हणाला, "चाल, गेटपर्यंत येतो." मी काही विचारलं नाही. मला भीती होती, विचारलं तर तू चपला काढशील.

गेटाशी तू थांबला.

"आत ये न. दुपारी पंगत हाय, जेवून जा."

"मी आत नाई येत, भामा."

"काहून? आता कोनी काई म्हनत नाई."

"तेव्हा बी कोनी काई म्हनत नव्हतं."

दादा, तू पहिल्यांदा माझ्याजवळ कबूल झाला. मला तुझ्याशी भांडायचं होतं, वर्षभराचं साठलं होतं. पण तुझा हात गेटाच्या गजावर होता आणि तू तो गज इतका घट्ट धरला होता की मला भांडता आलं नाही. मी म्हटलं, "बरं. दुपारपर्यंत पानठेल्यावर बस. जाऊ नको." तू मान हलवली. मला वाटलं नव्हतं, थांबशील.

दुपारी कडूनिंबाखाली सगळे जमले तेव्हा मी त्यांना सांगितलं, माझा भाऊ आला आहे, बाहेर बसला आहे, त्याला आत यायला जमत नाही. का, ते सांगितलं नाही. कोणी विचारलंही नाही. जागेश्वरनं पाण्याची घागर उचलून खांद्यावर घेतली आणि चालायला लागला. मंगलानं डबे गोळा केले. मग सगळेच उठले, नवे, जुने, सगळे.

तू फक्त आम्हाला गेटातून बाहेर येताना पाहिलं. त्याआधी काय झालं ते पाहिलं नाही. प्राचार्य वऱ्हांड्यात उभे होते. ते खाली आले, चांगलेच रागावले होते. "हे काय? परवानगी दिली आहे ना मी? आता बाहेर कशाला?"

मी म्हटलं, "सर, आज आमच्यातला एक जण आत येत नाही."

"कोण?"

"इथंच शिकत होता. बऱ्याच वर्षांआधी."

ते गेटाबाहेर पाहत राहिले. पानठेल्याच्या बाकावर तू गुडघ्यांवर हात ठेवून बसला होता. त्यांना तू आठवला असशील असं नाही, मला तसं खोटं लिहायचं नाही. पण ते बाजूला झाले आणि त्यांनी शिपायाला सांगितलं, "दोन्ही फाटकं उघड. एकदम जाऊ दे यांना."

मग तू पंगतीत बसला. मी तुझ्यासाठी माझ्या बाजूला जागा ठेवली होती, पण तू तिथं बसला नाही. तू पार त्या टोकाला डोमाजवळ जाऊन बसला. डोमा नवा आहे, रोज येतो, कोणाशी एक शब्द बोलत नाही, भात संपला की उठून जातो. आम्ही त्याला विचारून विचारून थकलो. तुम्ही दोघं काय बोलत होते ते मला ट्रकांच्या आवाजात ऐकू आलं नाही. एवढं दिसलं की तो खाली बघून बोलत होता आणि तू जेवायचं थांबून ऐकत होता. तुझ्या पानावरचा भात वाळला. डोमाचा हात हलत होता, काही तरी मोठं समजावून सांगत असावा, आणि एकदा तो हसला. डोमाला हसताना आम्ही कोणी पाहिलं नव्हतं.

तू जाताना मला फक्त म्हणाला, "गाडीची वेळ झाली." बरं. तुझी ती सवय आहे. कार्डाबद्दल तू माफी मागितली नाही आणि मीही ते सोडलेलं नाही. त्याच्यावर आपण भांडणार आहोत, नीट बसून, तोंडासमोर. पत्रात नाही.

पण तुझी गाडी गेल्यावर डोमा माझ्याजवळ आला. आपणहून आला, पहिल्यांदा. विचारलं, "ताई, ते कोन होते?"

मी 'माझा भाऊ' म्हणणार होती. मग म्हटलं, "आमच्याच कॉलेजचे आहेत. सत्तर सालचे."

त्यानं मान हलवली, जणू त्याला ते आधीच माहीत होतं. मग म्हणाला, "माह्यं सांगाचं अर्धंच राहिलं. ते आता कधी येतीन?"

मी त्याला सांगितलं, दिवाळीच्या सुट्टीआधी नक्की येतील. तुला न विचारता सांगून टाकलं. आता तो वाट पाहतो आहे, आणि त्याला काय उत्तर द्यायचं ते तुझं तू बघ.

भामा